पार्लरचा विमा : हप्त्याआधी हानीचा विचार

बिबवेवाडीत मार्केट यार्डाकडून गंगाधामच्या चौकाकडे जावे किंवा सातारा रस्त्याकडून आत वळावे, दोन-चार इमारतींआड एका तरी ब्यूटी पार्लरची पाटी दिसतेच. कुठे रस्त्यालगतचा भाड्याचा गाळा असतो, कुठे सोसायटीतील तळमजल्याची खोली, तर कुठे बैठकीच्या खोलीला पडदा लावून केलेली छोटीशी जागा. समाजातील अनेक भगिनींनी अशा दोन-तीन खुर्च्यांच्या व्यवसायातून मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आहे, काहींनी तर कर्त्या पुरुषाच्या पश्चात सगळा संसार पेलला आहे. म्हणूनच या व्यवसायावर संकट आले, तर ते एका दुकानापुरते राहत नाही. त्याची झळ थेट घराच्या चुलीपर्यंत पोहोचते.

विम्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हप्ता किती? प्रश्न व्यवहाराचा असला तरी तो पहिला नसावा. ‘कोणती हानी झाली तर पार्लरचे दार पुन्हा उघडणार नाही?’ हा खरा पहिला प्रश्न होय. जी हानी महिन्याच्या गल्ल्यातून भरून निघते, तिच्यासाठी विमा नसला तरी चालते. जी हानी वर्षानुवर्षांची पुंजी एका रात्रीत संपवते, तिच्यासाठी तो हवाच. या एका कसोटीवर विम्याची निवड पुष्कळ सोपी होते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र दक्षिण पुण्यातील लोक विसरलेले नाहीत. मुसळधार पावसाने कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि बिबवेवाडीच्या शेजारच्या सहकारनगर-अरण्येश्वर परिसरात पाणी घराघरांत शिरले. भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली, अनेकांचे प्राण गेले. वरच्या मजल्यावरच्यांचे सामान बहुतांशी वाचले. तळमजल्याला मात्र पाण्यापासून आडोसा नसतो आणि पार्लर बहुधा तळमजल्यावरच असते. त्यातही चातुर्मासात लग्नकार्ये थांबलेली असल्याने नववधूंची सजावट बंद आणि मिळकत उतरलेली, अशी स्थिती असते. पावसाचा धोका सर्वाधिक आणि हातातील रोकड सर्वांत कमी, असे हे चार महिने असतात. पॉलिसीची मुदत या काळात संपत असेल, तर नूतनीकरणाची रक्कम लग्नसराईतच बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

इमारत, यंत्रे, फर्निचर व माल यांच्या रक्षणासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी अमलात आली आहे. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल, तर ती घेता येते. लहान पार्लर अर्थातच या मर्यादेत बसते. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणे अशा संकटांचा तिच्यात समावेश आहे. तिचा मूळ मसुदा सर्व कंपन्यांचा सारखाच असल्यामुळे तुलना हप्त्याची, जोड संरक्षणाची आणि दावा निकाली काढण्याच्या तत्परतेची करावी.

ही पॉलिसी घेताना विमा रक्कम कमी लिहून हप्ता वाचवण्याचा मोह पुढे फार महाग पडतो. उदाहरणादाखल एका पार्लरमधील खुर्च्या, आरसे, वातानुकूलन यंत्र, स्टीमर, गीझर आणि प्रसाधनांचा साठा यांची खरी किंमत ८ लाख रुपये आहे, पण पॉलिसी ४ लाखांचीच घेतली आहे, असे समजावे. पुरात २ लाखांचे नुकसान झाले, तर ‘पॉलिसी तर ४ लाखांची आहे, २ लाख मिळतीलच’ असा हिशेब मालकीण करते. तो चुकीचा आहे. मालमत्तेचा निम्माच विमा उतरवलेला असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे १ लाखाच्या आसपास मिळते आणि त्यातूनही पॉलिसीधारकाने सोसावयाचा ठरावीक हिस्सा वजा होतो. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. ८ लाखांच्या मालमत्तेला ७ लाखांचा विमा असेल, तर कपात होत नाही. ४ लाखांचा असेल, तर होते. दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास मालाची मोजदाद करण्याची रीत व्यापारी घरांत आहेच. त्याच यादीवरून दरवर्षी विमा रक्कमही ताडून पाहावी.

पॉलिसीत काय नाही, हेही तितक्याच बारकाईने वाचले पाहिजे. चोरीचे संरक्षण या पॉलिसीत फारच मर्यादित आहे. आग किंवा पुरासारख्या विमित घटनेमुळे नुकसान झाले आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरली जाते. एरवी कुलूप तोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. शॉर्ट सर्किटने एखादे यंत्र स्वतःच जळाले, तर त्या यंत्राची भरपाई सहसा मिळत नाही. आग इतरत्र पसरली, तर ते नुकसान मात्र ग्राह्य धरतात. महागडे विद्युत यंत्र घेतले असेल, तर त्याच्यासाठी उपकरण विम्याची स्वतंत्र चौकशी करावी. दुकान बंद राहिलेल्या दिवसांची बुडालेली मिळकतही मूळ संरक्षणात येत नाही.

घरातच पार्लर चालवणाऱ्या भगिनींनी एक गैरसमज दूर करावा. घराच्या विम्यात व्यवसायाचे साहित्य सहसा मोडत नाही आणि घराचा असा वापर कंपनीपासून लपवणे दाव्याच्या वेळी अंगलट येऊ शकते. कर्ज काढून पार्लर उभे केले असेल, तर बँकेने उतरवलेल्या विम्याची प्रत मागून घ्यावी. तो अनेकदा तारण वस्तूंपुरताच असतो; नंतर स्वतःच्या पैशाने घेतलेले साहित्य त्याच्या बाहेर राहते. गाळा भाड्याचा असेल, तर इमारतीची चिंता मालकाची. आतील सजावट व सामान यांची भाडेकरूची.

वस्तूंच्या नुकसानीपेक्षाही अनपेक्षित धोका या व्यवसायात ग्राहकाच्या अंगाशी निगडित असतो. ओल्या फरशीवर पाय घसरणे, गरम मेणाने भाजणे, केसांच्या रंगाने चेहरा सुजणे या शक्यता रोजच्याच आहेत. ब्यूटी पार्लरची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेल्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेली आणि २०२१ मध्ये आयोगाने तब्बल २ कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द करून, हानी पुराव्याने सिद्ध व्हावी, असे सांगत प्रकरण पुन्हा आयोगाकडे पाठवले. लहान पार्लरवर अशी रक्कम येण्याची शक्यता कमी. तथापि लेखी पुराव्याचे मोल दोन्ही बाजूंना सारखेच आहे आणि नुसता बचाव करण्याचा खर्चही लहान व्यवसायाला पेलणारा नसतो, हे त्यातून उमगते.

यासाठी दायित्व विमा असतो. त्याचे दोन भाग समजून घ्यावेत. जागेत झालेल्या अपघाताला सार्वजनिक दायित्वाचे संरक्षण लागते, तर केलेल्या उपचारातून झालेल्या इजेला व्यावसायिक दायित्वाचे. केवळ पहिला भाग घेऊन दुसराही आपोआप मिळाला, असे मानू नये. वकिलाचा खर्च विमा रकमेत धरला आहे की तिच्याव्यतिरिक्त मिळतो, हेही विचारावे. प्रस्ताव अर्जात सर्व सेवांची नावे लिहावीत. पुढे नवी सेवा सुरू केली, तर ती कंपनीला लेखी कळवावी. ज्या उपचारासाठी डॉक्टरची पात्रता लागते, तो पार्लरमध्ये केल्यास विमा पाठीशी उभा राहणार नाही. रंग लावण्यापूर्वी कातडीवर चाचणी घेऊन तिची नोंद ठेवणे आणि ग्राहकाची संमती लेखी घेणे, ही विम्याइतकीच मोलाची सवय होय.

शेवटी, पार्लरची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे मालकिणीचे दोन हात. मनगटाचे हाड मोडले, तर यंत्रे शाबूत असूनही मिळकत थांबते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण १८ ते ७० वयापर्यंत मिळते आणि बँकेत खाते असणाऱ्या प्रत्येकीने ते घ्यावेच. परंतु दीड-दोन महिने हात प्लास्टरमध्ये राहिला, तर ही योजना काही देत नाही. त्यासाठी तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी पाहावी. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, याचाही लाभ घ्यावा.

खरेदीच्या पावत्या आणि सामानाची छायाचित्रे दुकानाबाहेर, शक्यतो मोबाइलसह आणखी एका ठिकाणी ठेवावीत. नुकसान होताच कंपनीला कळवावे, चोरी असल्यास पोलिसांत तक्रार द्यावी आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी भिजलेले सामान फेकू नये. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालाचे कार्यालय पुण्यातच आहे, तेथे शुल्क लागत नाही आणि एकल मालकीच्या व सूक्ष्म व्यवसायांच्या तक्रारीही स्वीकारल्या जातात. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

संकटसमयी समाज धावून येतो, ही आपली पुण्याई आहे. परंतु मदत दात्याच्या सद्भावावर आणि त्या वेळच्या सामर्थ्यावर अवलंबून असते. विम्याचा दावा हा हप्ता भरून मिळवलेला हक्क असतो. तो मागताना कोणापुढे पदर पसरावा लागत नाही. स्वतःच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या भगिनीला ही ताठ मान राखता यावी, एवढ्यासाठी तरी हप्त्याच्या आकड्याआधी पॉलिसीची अटींची पाने तिने वाचावीत.