चाळीस टक्के कर, चाळीसचा वेग

आरमोरीत नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज किती देते? पानठेल्यावर तोच, बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर तोच, डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांचाही तोच. मी म्हणतो, तीसच्या आसपास. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. माझी जुनी शंभर सीसीची गाडी साठाच्या खाली उतरत नव्हती, हे सगळ्यांना माहीत आहे. मग दुसरा प्रश्न येतो: "मंग घेतली कायले?" शेजारच्या आजीबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "एवढी मोठी गाडी, नांगराले जुपाची आहे का?"

प्रश्न रास्त आहे. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर. खांद्याला बॅग, त्यात सॅम्पल, आणि आरमोरी, वडसा, कुरखेडा, कोरची, धानोरा, गडचिरोली हा माझा इलाका. नोकरीची सगळी वर्षं दुचाकीवर गेली. जुन्या गाडीनं मला पोचवलं, वेळेवर पोचवलं, पण फिरवलं कधी नाही. फिरायला म्हणून गाडी काढायची, ही कल्पनाच आमच्या घरी नव्हती. पोरं कामाला लागली, कर्ज फिटलं आणि नागपूरला जाऊन मी हिमालयन मोटारसायकल घेऊन आलो. इंजिन ४५२ सीसी, ताकद ४० पीएस, सहा गिअर, १७ लिटरची टाकी, वजन १९६ किलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या आतल्या मोटारसायकलींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि वरच्यांवर ४० टक्के. सरकारच्या लेखी मी चैन केली. मान्य आहे. या गाडीवर चैन नेमकी कशात आहे, एवढाच माझा मुद्दा.

आधी गाडीबद्दल. पहिल्या दिवशी कळतं ते वजन. अंगणातून बाहेर काढताना, मुरमावर मागे ढकलताना, उतारावर साइड स्टँड लावताना ते १९६ किलो मनगटांत जाणवतात. सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आहे आणि मी काही उंच माणूस नाही. त्यामुळे कुठे थांबायचं ते आधी ठरवावं लागतं: पाय टेकायला सपाट जागा कुठे, खाली वाळू तर नाही. चाक फिरू लागलं की मात्र वजन नाहीसं होतं. पुढचं चाक २१ इंची. जुन्या गाडीला ज्या खड्ड्यांची मी नावानिशी आठवण ठेवत होतो, ते या चाकाखालून निघून जातात. संध्याकाळी पाठ दुखत नाही, हा माझ्या वयाला सगळ्यात मोठा नफा.

शोरूममधल्या पोरानं बजावलं होतं की पहिले पाचशे किलोमीटर इंजिन ताणू नका. मी ते मनापासून पाळलं आणि त्या काळात एक गोष्ट ध्यानात आली. ही गाडी चाळीसला सहाव्या गिअरमध्ये कुरकुरते, तिथे तिला तिसरा किंवा चौथा द्यावा लागतो. तिसऱ्यात चाळीसवर ती शांत चालते, मूठ जराशी फिरवली की लगेच प्रतिसाद देते, सोडली की इंजिनच वेग कमी करतं आणि ब्रेकला हात लावावा लागत नाही. जाहिरातीत ही गाडी बर्फाळ खिंडीतून धुरळा उडवत जाते. आमच्याकडे बर्फ नाही आणि खिंडी नाहीत, पण तिच्या अंगचा हा सावकाशपणा लडाखपेक्षा गडचिरोलीच्या रस्त्यांना अधिक लागू पडतो, असं माझं मत झालं आहे.

आमचा रस्ता आता पूर्वीसारखा राहिला नाही. साकोलीकडून वडसा, आरमोरी, गडचिरोली करत सिरोंच्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. नागपूर, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरीवरून वैनगंगा ओलांडून येणारा दुसरा. जिथे डांबर नवं आहे तिथे ऐंशी-नव्वदचा काटा कधी लागला ते कळतही नाही. मोठ्या गाडीची खरी भीती हीच आहे. शंभर सीसीची गाडी सत्तरला थरथरून सांगते की बापा, आता पुरे. ही काहीच सांगत नाही.

म्हणून थोडा हिशेब. चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, ऐंशीच्या वेगात बावीस. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद गेलाच म्हणून समजा. त्यानंतर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला जे अंतर लागतं, ते वेग दुप्पट झाला की चौपट होतं. चांगल्या डांबरावर चाळीसला नऊ-दहा मीटर पुरत असतील, तर ऐंशीला पस्तीसच्या वर लागतात. एबीएसमुळे चाक अडकून घसरत नाही, हा मोठाच आधार आहे, पण अंतराचा हा हिशेब एबीएसला रद्द करता येत नाही. मुरमावर तर मुळीच नाही.

आता त्या पस्तीस मीटरमध्ये आमच्याकडे काय काय येऊ शकतं ते पाहा. पावसाळ्यात रात्री गाईगुरं डांबरावर येऊन बसतात, तिथे ऊब असते आणि चिखल नसतो. धान निघालं की अर्धा रस्ता धान वाळवायला जातो आणि तणसाने लादलेली बैलगाडी अंधारात बिनादिव्याची चालत असते. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, लागतात, झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. नाटक पहाटे सुटतं. तीन-तीन माणसं एका गाडीवर, कानाला मफलर, डोळ्यांत झोप, आणि घर पंधरा किलोमीटरवर. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत मोहफुलं वेचणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेने टोपल्या घेऊन जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता.

आणि बाराही महिने वाघ. सीटी-१ हे नाव आमच्या भागात लहान पोरांनाही पाठ होतं. वडसा वनविभागात सहा, भंडाऱ्यात चार आणि ब्रह्मपुरीत तीन अशी तेरा माणसं या वाघाने मारल्याची नोंद झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडलं. तो गेला, वाघ गेले नाहीत. ब्रह्मपुरीकडचे वाघ वैनगंगा पोहून इकडे येतात. २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्ती आले आणि धानाच्या बांध्या तुडवू लागले. चुरमुरा, पोर्ल्याकडे अंधार पडल्यावर निघायचं म्हटलं की घरचे दोनदा विचारतात. ज्या रस्त्यावर हत्ती, वाघ, गाय, बैलगाडी आणि नाटकाहून परतणारा माणूस अशा सगळ्यांची हजेरी असते, तिथे ऐंशीचा वेग म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर घेतलेली मजा आहे.

रविवारी नागपूरकडून मोठ्या गाड्यांचे जथे येतात. अंगात जॅकेट, गुडघ्यांना पॅड, हेल्मेटवर कॅमेरा. त्यांची ही तयारी मला आवडते, आमच्याकडची पोरं अजून हेल्मेट टाकीवर ठेवून चालवतात. पण चहाला थांबले की त्यांच्यातला एखादा हमखास म्हणतो, "रस्ता भारी आहे, बाकी इकडे बघायला काही नाही." नव्वदच्या वेगाने आलेल्याला दुसरं काय दिसणार?

आरमोरीपासून जवळच वैरागड आहे. खोब्रागडी आणि सतनालाच्या संगमावरचं गाव, भोवती खंदक असलेला गोंडकालीन किल्ला, भंडारेश्वराचं जुनं मंदिर. इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. वैरागडच्या दवाखान्यांत मी वर्षानुवर्षं जात होतो, पण कंपनीच्या रोजच्या अहवालात किल्ल्याचा रकाना नव्हता. नवी गाडी घेतल्यावर पहिल्यांदा त्या दरवाजातून आत गेलो. वाटेत ऐनाची झाडं लागतात. त्यांच्यावर टसरचे किडे पोसतात, त्याच कोशांचं कापड म्हणजे आरमोरीचा कोसा. किडे झाडावर असेपर्यंत ढिवर कुटुंबं रानात मुक्काम करून पाखरं हाकतात. चाळीसच्या वेगात, हेल्मेटची काच वर करून, हे हाकारे ऐकू येतात. खाली मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि काठावर दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. त्याही पुढे आलापल्लीचं सागवान, हेमलकशाला १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प, आणि सिरोंच्याला प्राणहिता-गोदावरीचा संगम. आरमोरीहून सिरोंचा अडीचशे किलोमीटरच्या घरात. सतरा लिटरची टाकी भरून निघालं की जाऊन परतीचा बराचसा रस्ता निघतो. गाडीतल्या नकाशाला मोबाइलचं नेटवर्क लागतं आणि ते जंगलात जागोजागी जातं. तिथे पुढचा पानठेलाच वाट सांगतो, आणि बरोबर सांगतो.

चैन आहे ती या वेळेची. थांबायला कारण लागत नाही, कुणाला वेळ दिलेली नसते, आणि गाडी इतकी सक्षम असते की कच्च्या फाट्यावर वळायला मन कचरत नाही. त्यासाठी चाळीस टक्के कर द्यावा लागला तर दिला. पण हीच गाडी शंभरने पळवायची असेल, तर तो पैसा वायाच गेला.

यावर कुणी म्हणेल, तुमचं बरं आहे, फिरायला निघालात. गरोदर बाईला घेऊन निघालेल्या गाडीचं काय? बरोबर आहे. या जिल्ह्यात रस्त्यांवर रुसायचा हक्क कुणाला नाही. गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरीच्या बाजूला एसटी पहिल्यांदा धावली ती १ जानेवारी २०२५ ला. स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षं ज्यांनी बसची वाट पाहिली, त्यांना रस्त्याचा संथपणा शिकवायला मी जाणार नाही. रस्ते व्हावेत, रुंद व्हावेत, रुग्णवाहिकेला मोकळी वाट मिळावी. रुंद झालेल्या रस्त्यावर कोणी, कुठे आणि कोणत्या वेळी किती पळायचं, हे ठरवणं मात्र रस्ता बांधण्याइतकंच गरजेचं आहे, आणि तेवढंच राहून जातं.

यातलं काहीच अवघड नाही. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या, आणि त्या वाटांनी वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसले. आमच्याकडे रुंदीकरण होताना हा खर्च आधीच धरला पाहिजे. बोर अभयारण्यातला बाजीराव वाघ २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावजवळ महामार्गावर गाडीखाली गेला, तेव्हा चार दिवस हळहळ झाली. हळहळीने रस्ता बदलत नाही. जंगलपट्ट्यात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चाळीसची मर्यादा असावी, रुग्णवाहिका सोडून सगळ्यांना. प्रत्येक बैलगाडीला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी ग्रामपंचायतीने लावावी, तिला फार पैसे लागत नाहीत. नाटकाचा हंगाम असेतो मोठ्या मंडयांच्या गावांतून एसटीने पहाटेची गाडी सोडावी. तिकीट काढून नाटक पाहणारा माणूस बसचंही तिकीट काढेल.

आणि जे फिरायला येतात त्यांनी दिवसा यावं. सकाळी उन्हं वर आल्यावर निघावं आणि दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोचावं. गावातून जाताना सायलेन्सरचा आवाज दाखवू नये, धान वाळत घातलं असेल तर त्यावरून चाक नेऊ नये, जंगलात उतरून फोटो काढू नयेत. एवढं पाळलं तर या जिल्ह्याइतका फिरायला चांगला मुलूख महाराष्ट्रात कमी सापडेल, हे मी इथला रहिवासी म्हणून नाही, नवी गाडी घेतलेला गिऱ्हाईक म्हणून सांगतो.

सध्या बांध्यांमध्ये धान पिवळं पडू लागलंय. थोड्याच दिवसांत कापणी, मग भाऊबीज, मग मंडया. प्रशासनाच्या हातात तेवढेच आठवडे आहेत. जंगलपट्ट्यात चाळीसचे फलक आणि बैलगाड्यांना पट्ट्या पहिल्या नाटकाच्या आधी लागल्या पाहिजेत. पहाटे अंधारातून परतणारी पोरं तोपर्यंत थांबणार नाहीत.