ओंजळभर पाण्याचे चित्र

पाण्याचे चित्र काढा म्हटले की मुले आधी निळ्या रंगाची बाटली उघडतात. आम्हीही तेच केले. २० मार्च जवळ आला, तेव्हा घरातल्या मुलांना घेऊन महाडच्या चवदार तळ्याचे चित्र करायला बसलो. मुलांची अट अशी, की दगड हाताला खरखरीत लागला पाहिजे आणि पाणी ओले दिसले पाहिजे. म्हणून रंगाच्या जोडीला वाळू, कागद आणि सूत घेतले. अशा कामाला मिश्र माध्यम म्हणतात.

पहिला प्रयत्न फसला. चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासवर आम्ही प्लास्टर ऑफ पॅरिसचा जाड थर दिला. कापड दाबले की हलते, वाळलेले प्लास्टर हलत नाही. दोन दिवसांत भेगा पडल्या आणि तळे आटल्यासारखे दिसू लागले. दुसऱ्या वेळी पुठ्ठ्यावर चिकटवलेला कॅनव्हास बोर्ड आणला, १२ बाय १६ इंचांचा, आणि सगळे थर पातळ ठेवले.

खालच्या भागात पायऱ्या. चाळलेली बारीक वाळू पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये कालवून जुन्या सुरीने पसरावी आणि ओली असतानाच काडीने दगडांच्या सांधी ओढाव्यात. वरच्या भागात पाणी. टिश्यू पेपर चुरगाळून पुन्हा उलगडावा. थोडे पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर तो ठेवून बोटांनी आडव्या सुरकुत्या कराव्यात. पायरीजवळ रुंद, लांबवर बारीक आणि दाट. लांबच्या लाटा आपल्याला एकमेकींना चिकटून दिसतात, म्हणून असे करायचे. मग पूर्ण एक दिवस वाळू द्यावे.

आता रंग. पाण्याला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. पायाशी खाली पाहिले तर खोली दिसते, दूर पाहिले तर आभाळ दिसते. म्हणून पायरीजवळ निळा, पिवळा आणि तपकिरी मिसळून काळपट हिरवा रंग द्यावा. वर जाताना तो फिकट राखाडी करावा. वाळल्यावर गडद रंग पातळ करून सगळीकडे फिरवावा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसावा. खळग्यांत रंग राहतो, उंचवटे उजळतात. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने सुरकुत्यांच्या माथ्यावर किंचित पांढरा लावावा. अॅक्रिलिक रंग वापरावेत. ते वाळले की पाण्याने निघत नाहीत.

चित्र इथवर आले, तेव्हा मुलांना तळ्याकाठी माणसे काढायची होती. काढून पाहिली, पण वाळूवर मुंग्यांसारखी दिसली. घरातल्या आजी म्हणाल्या, "माणसं नकोत. पाणी हललेलं दाखवा." मग सूत फेव्हिकॉलमध्ये बुडवून पायरीजवळ एकाबाहेर एक अशी तीन वलये लावली. काठावरून पाहणाऱ्याला पाण्यातले वलय लांबट दिसते, म्हणून ती अंड्यासारखी केली. ओंजळ नुकतीच वर उचलली आहे, एवढेच दिसते.

मुलांनी विचारले, पाणी प्यायला एवढा मोर्चा कशाला लागला? तेव्हा सांगितले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ सालीच केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला होता. पण ठरावाने कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर तळे बाटले म्हणून शुद्धीकरण झाले, दावा कोर्टात गेला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. त्या ओंजळीचे वलय काठाला लागायला दहा वर्षे गेली.

एक शेवटची सूचना. चकचकीत व्हार्निश फक्त पाण्यावर लावा, दगडांवर नको. तेवढ्या फरकाने पाणी ओले दिसते. फेव्हिकॉल ओलाव्याने मऊ पडतो. म्हणून बोर्डाच्या मागच्या बाजूलाही रंगाचा हात द्या आणि पावसाळ्यात चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

आमच्या घरी ते दाराजवळ आहे. येणारा प्रत्येक जण त्या वलयांवरून एकदा बोट फिरवतो. आम्ही कोणालाही अडवत नाही.