नाव झाकून मोजायचं

परवा रविवारी सकाळी नातीचा फोन आला. म्हणजे आपली रविवार सकाळ, तिची शनिवारची रात्र. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेले आठ महिने तिथल्या मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते आहे. आवाज रडवेला होता. "आजी, तीन आठवड्यांचं काम वाया गेलं. माझ्याच चुकीनं."

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली आणि जन्मभर शाळेत मराठी-इतिहास शिकवलेली बाई. विज्ञानातलं मला काय कळणार? तिला म्हटलं, "पाचवीच्या वर्गाला सांगतात तसं सांग." तिनं सांगितलं आणि गंमत म्हणजे मला बरंचसं कळलं. तुम्हालाही सांगते.

उंदराला एखादी नवी जागा दाखवली की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी कामाला लागतात. अशा पेशींमध्ये पुढच्या तासा-दीड तासात एक विशिष्ट प्रथिन तयार होतं. मेंदूचे केसाहूनही पातळ काप काढायचे आणि ते मिठाच्या पाण्यात तरंगत ठेवायचे. चित्रकलेच्या साध्या ब्रशानं एकेक काप अलगद उचलून काचपट्टीवर पसरायचा. त्याआधी त्यावर दोन द्रावणं घालायची. पहिल्यातला रेणू त्या प्रथिनाला चिकटतो, दुसऱ्यातला त्या पहिल्याला. रंग असतो तो दुसऱ्याला. मग सूक्ष्मदर्शकाखाली कामाला लागलेल्या पेशी हिरव्या चमकतात आणि त्या मोजायच्या. संगणकही मोजतो म्हणे, पण त्याचं मोजणं बरोबर आहे ना, हे माणसालाच तपासावं लागतं.

आमच्या बाईसाहेबांनी दुसरी बाटली चुकीची उचलली होती. काहीच चमकलं नाही, सगळा अंधार.

घरातले विचारतीलच, म्हणून आधीच सांगते. हो, त्यासाठी उंदीर मारावा लागतो. त्याला समितीची परवानगी लागते आणि प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाला प्राण्याला हात लावू देत नाहीत. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी नातीला जेवण गेलं नव्हतं. परवाचं रडणंही तीन आठवड्यांसाठी नव्हतंच. "आजी, तो उंदीर फुकट गेला गं," म्हणाली. मला तिची ही जाणीव तिच्या सगळ्या मार्कांपेक्षा मोठी वाटली.

"मग वरचे रागावले का?" मी विचारलं. तिच्यावर देखरेख करणारी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे. ती एवढंच म्हणाली, "वहीत लिही. कुठली बाटली, कुठली तारीख, सगळं." त्या वहीचा नियम असा की खोडरबर चालत नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

हे ऐकलं आणि मला आमच्या शाळेतली विज्ञानाची जर्नलं आठवली. सुवाच्य अक्षर, लाल शाईचे मथळे आणि सगळ्यांची उत्तरं अगदी पुस्तकातल्यासारखी! स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की मुलं आधी उत्तर बघतात आणि मग त्याला जुळतील अशी 'रीडिंगं' लिहितात. ज्याचं खरोखर वेगळं उत्तर आलं आणि ज्यानं ते तसंच लिहिलं, त्याचे गुण कापले जायचे. म्हणजे आपण मुलांना प्रयोगाच्या नावाखाली खोटं लिहायला शिकवत होतो.

पण मला खरं लिहायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल.

नात म्हणाली, मोजायला बसताना काचपट्टीवर उंदराचं नाव-गाव नसतं, नुसता एक सांकेतिक क्रमांक. कुठला उंदीर नव्या जागेत गेला होता आणि कुठला जुन्याच पिंजऱ्यात होता, हे मोजणाऱ्याला मुद्दाम सांगत नाहीत. का? तर आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच आपल्याला दिसतं. अर्धवट चमकणारी पेशी मोजायची की सोडायची, हे मन गुपचूप आपल्या सोयीनं ठरवतं. माणूस लबाड असतो असं नाही, माणसाचं मनच तसं असतं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. जवळजवळ पस्तीस वर्षं मी पेपर तपासले. नाव न बघताही अक्षरावरून मूल ओळखायची. 'हुशार' मुलाचं अर्धवट उत्तर दिसलं की वाटायचं, याला येतंय, घाईत राहिलं असेल. आणि मागच्या बाकावरच्या मुलाचं तसंच उत्तर दिसलं की वाटायचं, याला येतच नाही.

त्या मागच्या बाकावर एक मुलगा होता. शुद्धलेखनाची बोंब, गणितात जेमतेम. पण शाळेची घंटा, पंखा, प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक, काहीही बिघडलं की शिपाईमामा त्यालाच हाक मारत. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं निवडायची होती आणि यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिले पाच नंबर लिहून मोकळी झाले. तो स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, मी नुसता मदतीला आलो तर चालेल?" मी म्हटलं, "आधी मार्क आण, मग बघू." तो पुन्हा कधी विचारायला आला नाही. नववीनंतर शाळेतही आला नाही. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी शोधही घेतला नाही.

हे आज उगाळायचं कारण असं. आता आपल्याकडेही चार वर्षांची पदवी आली आहे आणि चौथ्या वर्षी संशोधन करायची सोय केली आहे. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचा डिसेंबर २०२२ चा आराखडा वाचला (नातवानं छापून दिला). त्यात 'संशोधनासह ऑनर्स' या पदवीसाठी अट आहे ती पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची. म्हणजे पुन्हा तेच, "आधी मार्क आण, मग बघू." माझीच यादी, फक्त देशाच्या मापाची.

कुणी म्हणेल, बाई, जागा थोड्या, प्राध्यापक थोडे, सामान महाग. चाळण लावायलाच हवी. मान्य आहे. सरसकट सगळ्यांना आत घ्या असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की चाळण कामाची असावी. महिना-दोन महिने मुलाला प्रयोगशाळेत येऊ द्या. काचा धुऊ दे, काप उचलू दे, मोजू दे, वही लिहू दे. कोण टिकतो, कोण चूक लपवतो आणि कोण आपणहून सांगतो, ते दिसेलच. नात सांगते, तिच्या बरोबरीच्या मुलांमध्ये सगळ्यांत स्थिर हात आणि सगळ्यांत चोख वही एका अशा मुलाची आहे, जो परीक्षेत कसाबसा पास होतो. मार्क स्मरणशक्तीचे मिळतात, वेगाचे मिळतात. चिकाटीचे आणि प्रामाणिकपणाचे कुठल्या पेपरात मिळतात?

आणि हे दार लवकर उघडावं. रॉडरिक मॅकिनन या शास्त्रज्ञाची गोष्ट नातीनंच मला सांगितली. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात पदवीला असताना त्यांनी क्रिस्टोफर मिलर यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. मग ते वैद्यकीय शिक्षणाला गेले, डॉक्टर झाले. पण मन रमेना, म्हणून पुन्हा त्याच गुरूंच्या प्रयोगशाळेत परतले. पेशीच्या पडद्यातून पोटॅशियमचे कण ज्या दारातून जातात, त्या दाराची रचना त्यांनी उलगडली. आपल्या मज्जातंतूंमधून संदेश जातो त्यात या दारांचा मोठा वाटा असतो. २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विशीत पाहिलेली वाट तिशीत पुन्हा सापडते, पण त्यासाठी ती विशीत दिसावी तर लागते.

आणखी एक. या कामाचे मुलांना पैसे मिळायला हवेत. नातीला पहिल्या सत्रात पैसे नव्हते, फक्त श्रेयांक होते. तिला ते परवडलं. तिच्या मैत्रिणीला संध्याकाळी खाणावळीत काम करावं लागतं, तिला नाही परवडलं. मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी.मध्ये १९६९ पासून पदवीच्या मुलांसाठी संशोधनाची योजना आहे, तिथे श्रेयांक किंवा मानधन असे दोन्ही मार्ग आहेत. आपल्याकडे भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, तीही विद्यावेतन देते. नाहीतर मार्कांच्या चाळणीनंतर पैशांची चाळण लागते आणि ती तर कुणी उघडपणे लिहूनही ठेवत नाही.

असो. म्हातारीचं लांबलं जरा.

काल नातीचा पुन्हा फोन आला. काही काप राखून ठेवले होते, त्यांवर या वेळी बरोबर बाटली घातली. "चमकलं, आजी!" म्हणाली. किती पेशी, ते मी विचारलं. आकडा सांगितला, पण कुठल्या उंदराचा ते तिलाही माहीत नव्हतं. सगळं मोजून झाल्यावरच क्रमांकांची यादी उघडतात म्हणे.

मला वाटलं, माझ्याही वर्गात अशी एखादी यादी असती, सगळं मोजून झाल्यावरच उघडायची, तर तो मुलगा दारातून परत गेला नसता.

ब्लॉगवर शिक्षक मंडळी बरीच आहेत. तुमच्याही मागच्या बाकावर असं कुणी होतं का? जरूर लिहा.