सोन्याचा सोबती

जुन्या काळी पोथीत अक्षर चुकले, म्हणजे लेखनिक त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ, मनशीळ आणि सोमल ही तिन्ही आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याची रूपे होत. हेच विष भूगर्भात पुष्कळदा सोन्याच्या शेजारी वस्ती करून असते, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल.

याचे कारण खडकांच्या इतिहासात आहे. कर्नाटकातील कोलार व हट्टी येथील खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्या भेगांतून खोलवरचे तप्त पाणी वर चढले. त्यात गंधकाच्या आधाराने सोने विरघळलेले होते. लोहयुक्त खडकाशी गाठ पडताच गंधक लोहाशी संयोग पावले आणि निराधार झालेले सोने तेथेच साठले. त्याच पाण्यातील आर्सेनिकही लोह व गंधक यांच्याशी जखडले गेले. म्हणूनच भूवैज्ञानिक मातीत आर्सेनिक आढळले की सोन्याची शक्यता तपासतात. महाराष्ट्राचा बराचसा भाग मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या कातळाने झाकलेला आहे; त्या कातळात सोन्याच्या अशा शिरा नाहीत.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. परंतु सोने काढून घेतले तरी त्याचा सोबती मागे राहू शकतो. जेथे खनिजात आर्सेनिक असते, तेथे दळलेल्या दगडाच्या ढिगावर हवापाण्याची क्रिया होऊन ते मोकळे होते.

तथापि सोने नाही तेथे भय नाही, असे मात्र समजू नये. बंगालच्या सखल प्रदेशात हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा गंज असतो व त्यास आर्सेनिक चिकटलेले असते. प्राणवायूच्या अभावी तो गंज विरघळला की विष भूजलात उतरते. पटकीपासून बचाव व्हावा म्हणून ज्या कूपनलिका खोदल्या, त्यांतील कित्येकींचे पाणी असे दूषित निघाले. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कातडीवर डाग पडलेले व तळहात खरखरीत झालेले रुग्ण प्रथम ओळखले गेले.

या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरमागे केवळ ०.०१ मिलिग्रॅम आहे. तेव्हा वाचकहो, नव्या कूपनलिकेचे पाणी घागरीत भरण्यापूर्वी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नितळ दिसणारे सारेच पाणी निर्मळ नसते.