कर्नल नायडू राजघराण्यातले नव्हते

क्रिकेटपटू कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांना 'संस्थानी खेळाडू' म्हणून राजपुत्रांच्या रांगेत बसवणारे एका पत्रातले विधान दुरुस्त करायला हवे. नायडूंचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 रोजी नागपुरात, सधन तेलुगू वकील घराण्यात झाला. 1923 मध्ये होळकर नरेशांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात कॅप्टन केले. पुढे ते कर्नल झाले. हुद्दा दरबाराने दिला, पण तो मिळाला खेळाच्या बळावर.

त्या बळाचा खरा पुरावा डिसेंबर 1926 चा. मुंबईच्या जिमखाना मैदानावर पाहुण्या इंग्लिश एम.सी.सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी 153 धावा कुटल्या, त्यात 11 षटकार. या खेळीने भारताच्या कसोटी प्रवेशाचा दावा बळकट झाला.

1932 च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज, तर उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार घनश्यामसिंहजी होते. लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीत मात्र संघाची धुरा नायडूंकडे आली. तेथे वंशापेक्षा खेळ श्रेष्ठ ठरला, आणि हीच गोष्ट त्या पत्रात सुटली आहे.

इंदुरात त्यांनी होळकर संघ घडवला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारखे खेळाडू त्या संघात होते. संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. नायडू साठी उलटल्यावरही, 1956-57 मध्ये, उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. 14 नोव्हेंबर 1967 रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले.