बोलकी एटीएम आणि बँकांचा हिशेब

बोलक्या एटीएमला इअरफोन जोडून, ५ च्या बटणावरचा उंचवटा चाचपत अंध खातेदार स्वतः पैसे काढतो. पिन कुणाला सांगावा लागत नाही. या सोयीवर खर्च करताना बँक आधी प्रतिस्पर्ध्याकडे पाहत असे. त्याने केला नाही, तर घाई नसे. केला, तर खाती तिकडे जाण्याची धास्ती. खर्च लगेच दिसे, पण एका खातेदारामागे त्याचे सारे घर येते, हे हिशेबात धरलेच जात नसे. ही मोठीच चूक. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये नव्या एटीएमपैकी किमान एकतृतीयांश आणि जुलै २०१४ पासून सर्वच नवी एटीएम बोलकी करायला सांगितली. नियम सर्वांना सारखा झाल्यावर एकट्याने खर्चात पडण्याची भीती उरली नाही. एटीएमच्या दारातली उंच पायरी मात्र व्हीलचेअरला अजूनही अनेक ठिकाणी अडवते.