हाकलू नका, उपचारांपर्यंत पोहोचवा

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा रोहा स्थानकाबाहेर मळक्या कपड्यांतला, स्वतःशीच बोलणारा माणूस दिसला, की त्याला हुसकावण्याकडे आपला कल असतो. हुसकावल्याने तो पुढच्या गावी जातो, बरा होत नाही. याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था अशा निराधार मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोहोचवते. या कार्याचा २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने गौरव झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा व्यक्तीला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे. तिला कोठडीत डांबता येत नाही. नागरिकांनी पोलीस ठाण्याला कळवावे, पोलिसांनी कायदा पाळावा आणि ग्रामपंचायतीने कारखान्यांच्या मदतीने रात्रनिवारा उभारावा.